मुदतबंद परवाना

पायाच्या बोटात काटा रुतून जखम चिघळली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागते, चालताना ती ठणकते, आणि घरातली वडीलधारी माणसे 'अवधाण आले' असे म्हणून शेक देण्याची तजवीज करतात. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, याचे पूर्वी कोणालाही नवल वाटावे. परंतु ती गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी होय, आणि ती सुजते याचे एक मोठे कारण असे, की जखमेतून वाहत आलेल्या जंतूंची खूण पटलेल्या काही थोड्या पांढऱ्या पेशी, ज्यांना लसीकापेशी किंवा लिम्फोसाइट म्हणतात, त्या तेथे अहोरात्र विभागून आपली संख्या वाढवीत असतात. एखाद्या विशिष्ट जंतूची नेमकी ओळख असणारी टी-पेशी, म्हणजे या लसीकापेशींचाच एक प्रकार, लाखांत, कधी दहा लाखांतही, एखादीच असते. तेव्हा शत्रू दाराशी आला असता या एकीच्या हजारो झाल्यावाचून निभाव लागणे शक्य नाही. आठवड्याभरात ती दहा वेळा दुणावली तर एकीच्या हजारावर होतात, पंधरा वेळा दुणावली तर बत्तीस हजारांवर. हा हिशेब कागदावर सोपा दिसतो, पण शरीरात त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत कोण, केव्हा व किती भरून देतो, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मनुष्याच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेतील काचपात्रात अखंड वाढत राहत नाहीत, सुमारे पन्नास वेळा दुणावल्यावर त्या थांबतात, हे फिलाडेल्फियातील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले. त्या का थांबतात याचा तर्कशुद्ध उलगडा प्रथम मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये केला, आणि पुढल्याच वर्षी जेम्स वॉटसन यांनीही तीच अडचण स्वतंत्रपणे मांडली: डीएनएची नक्कल करणारी पेशीतील यंत्रणा गुणसूत्राच्या अगदी टोकापर्यंत नक्कल पुरी करू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टोक थोडे थोडे झिजते. ही झीज उपयुक्त मजकुरापर्यंत पोहोचू नये म्हणून निसर्गाने टोकाशी निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांची लांबलचक पुनरुक्ती करून ठेवलेली आहे. मनुष्यात ती टी-टी-ए-जी-जी-जी या सहा अक्षरांची असते, आणि जन्माच्या वेळी रक्तपेशींत तिची लांबी सुमारे दहा हजार अक्षरजोड्यांची भरते. या अंत्यभागाला टेलोमिअर म्हणतात. एका विभाजनात पन्नास ते शंभर जोड्या खर्ची पडतात. शिल्लक फार उतरली, की पेशी विभाजनच बंद करते.

ही शिल्लक पुन्हा भरणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तळ्यातल्या पाण्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवात प्रथम सापडले. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॅरोल ग्रायडर यांना १९८४ सालच्या ऐन नाताळच्या दिवशी त्याचा पहिला पुरावा दिसला, आणि या शोधमालिकेसाठी २००९ चे नोबेल पारितोषिक या दोघींना जॅक शॉस्टॅक यांच्यासह मिळाले. टेलोमरेज नावाच्या या विकराचे दोन मुख्य घटक आहेत. एक 'टर्ट' नावाचे प्रथिन, ज्याचा जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. दुसरा ४५१ अक्षरांचा आरएनए, ज्याचा जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. नवीन अक्षरे कोणत्या क्रमाने लिहावीत याचा नमुना विकर या आरएनएच्या रूपाने आपल्यापाशीच बाळगते, त्यामुळे त्याला दुसरीकडून आदर्श मागवावा लागत नाही.

आरएनए बहुतेक पेशींत असतोच. टर्ट मात्र त्वचा, स्नायू, यकृत अशा सर्वसाधारण पेशींत जवळजवळ बंद असते. १९९४ साली टेलोमरेज मोजण्याची एक अतिसूक्ष्म पद्धत निघाली. पेशींचा अर्क काढावयाचा, त्यात डीएनएचा एक लहानसा तुकडा घालावयाचा, अर्कात टेलोमरेज असेल तर ते त्या तुकड्याला सहा-सहा अक्षरे जोडीत जाते, मग जे तयार झाले त्याच्या असंख्य प्रती करून त्या जेलवर विजेच्या प्रवाहाने पसरावयाच्या. विकर असेल तर सहा अक्षरांच्या समान अंतराने पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. नसेल तर जेल कोरे राहते. या पद्धतीने त्या वेळी तपासलेल्या १०१ कर्कार्बुदांच्या नमुन्यांपैकी ९० मध्ये पट्टे दिसले आणि शेजारच्या निरोगी ऊतींत दिसले नाहीत, तेव्हा टेलोमरेज ही कर्करोगाची खूण होय अशी एक सुटसुटीत समजूत रूढ होऊ लागली. ती वर्षभरही टिकली नाही. १९९५ मध्ये कॅनडा, जपान व अमेरिका येथील निरनिराळ्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या पांढऱ्या पेशींतही हे विकर क्षीण प्रमाणात का होईना पण निःसंशय दाखविले, आणि रक्ताच्या थेंबावरून कर्करोगाचे निदान करण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांची मोठीच पंचाईत झाली.

प्रतिकारशास्त्राला मात्र यातून एक नवा प्रांत मिळाला. अमेरिकेतील बेथेस्डा येथे नान-पिंग वेंग, रिचर्ड होड्स व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली टी-पेशीच्या संपूर्ण आयुष्यक्रमात हे विकर कोठे कोठे जागे असते याची पाहणी केली. (त्या सहकाऱ्यांत कार्ल जून व ब्रूस लेव्हाइन हे होते, पुढे रुग्णाच्याच टी-पेशींना नवे ग्राहक बसवून रक्ताच्या कर्करोगावर सोडण्याची चिकित्सा घडविण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.) पाहणीत असे आढळले, की छातीतील यौवनलोपी ग्रंथीत, जेथे टी-पेशी घडतात व वाढतात, तेथे टेलोमरेज जोरात चालते, त्या रक्तात उतरून विश्रांत अवस्थेत फिरू लागल्या की ते जवळजवळ निमते, आणि टॉन्सिलमध्ये, जेथे त्यांचा जंतूंशी नित्य संबंध येतो, तेथे मधली पातळी दिसते. मग त्यांनी विश्रांत पेशींना काचपात्रात उद्दीपित केले. टी-पेशीला जागे करण्यास दोन संदेश लागतात: एक जंतूची खूण, म्हणजे प्रतिजन, ओळखणाऱ्या तिच्या प्रतिजन-ग्राहकाकडून, आणि दुसरा सीडी-२८ नावाच्या सोबतच्या ग्राहकाकडून. हे दोन्ही मिळताच थोड्याच दिवसांत जेलवर पट्टे गडद होतात, आणि उत्तेजना ओसरल्यावर पुन्हा फिके पडतात. लसीकापेशीला टेलोमरेजची कायम सनद नाही. तिला मिळतो तो मुदतबंद परवाना, आणि तोही दोन सह्या पडल्याखेरीज नाही.

असे असूनही खर्च पुरता भरून निघतो असे मात्र नाही. त्याच गटाने १९९५ मध्ये एकाच माणसाच्या रक्तातील नवख्या टी-पेशी आणि पूर्वी लढलेल्या स्मृतिपेशी वेगळ्या काढून त्यांचे टेलोमिअर मोजले, तेव्हा स्मृतिपेशींचे सरासरी सुमारे १,४०० अक्षरजोड्यांनी आखूड भरले. तेव्हा परवाना झीज मंदावतो, ती थांबवीत नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

बी-पेशींची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणातील सर्वांत मनोज्ञ भाग तोच आहे. जांघेतील त्या सुजलेल्या गाठीत किंवा टॉन्सिलमध्ये काही दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पुंजके दिसू लागतात. त्यांना अंकुरकेंद्रे म्हणतात. प्रतिपिंडे घडविणाऱ्या बी-पेशी तेथे अत्यंत वेगाने विभागतात, विभागताना आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम चुका करतात, आणि ज्यांची चूक शत्रूला अधिक घट्ट धरण्यास उपकारक ठरते त्याच पुढे टिकतात. इतक्या बेसुमार विभाजनानंतर टेलोमिअर अत्यंत आखूड व्हावेत अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात अंकुरकेंद्रातील पेशींचे टेलोमिअर शेजारच्या नवख्या बी-पेशींपेक्षा लांब आढळले! तेथे टेलोमरेजचा अंमल इतका प्रखर असतो, की खर्चापेक्षा जमा जास्त होते. आणि केंद्रातून बाहेर पडून स्मृतिपेशी होताच तो अंमल उतरतो. देवीची लस टोचून पन्नास वर्षे उलटलेल्या माणसांच्या रक्तात त्या लशीची आठवण राखणाऱ्या बी-पेशी सापडतात, हे लक्षात घेतले म्हणजे अंकुरकेंद्रातील ही उधळपट्टी नसून दूरवरची बेगमी असावी असे वाटू लागते. टी-पेशींना तशी मुभा का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे वाचावयास मिळालेले नाही.

आता परवाना देण्याची पद्धत पाहू. पहिली पायरी जनुकाची. टर्टच्या जनुकापुढील नियंत्रक भागावर सी-मिक व एसपी-१ ही प्रथिने बसली की जनुक वाचला जातो. मॅड नावाचे प्रथिन सी-मिकची जागा बळकावून बसले की वाचन थांबते. टी-पेशी उद्दीपित झाली की सी-मिक वाढते, म्हणून जनुकाचे वाचनही वाढते, आणि येथवर सारे नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे आहे. दुसरी पायरी संदेश-आरएनएच्या जुळणीची: टर्टच्या संदेशातून काही भाग गाळून निरनिराळ्या प्रती तयार होतात, आणि त्यांतील पुष्कळ प्रतींपासून बनणारे प्रथिन निरुपयोगी असते. तेव्हा नुसता संदेश मोजून विकराचे बळ सांगता येत नाही, आणि तसे सांगणारे निबंध सावधपणे वाचावेत.

खरी गुंतागुंत तिसऱ्या पायरीवर आहे. २००१ साली वेंग व होड्स यांच्याच प्रयोगशाळेने असे प्रसिद्ध केले, की विश्रांत टी-पेशीतही टर्ट प्रथिन असते, उद्दीपनानंतर त्याचे एकूण प्रमाण वाढत नाही, पण त्यावर फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि पेशीद्रव्यात पडून असलेले प्रथिन केंद्रकात जाते. याचा अर्थ असा, की कामगार आधीपासूनच हजेरीपटावर आहे. अडते ते त्याला कामाच्या जागी पाठविण्याच्या हुकुमावर. हे प्रथिन इतके विरळ असते, की ते शोधण्यासाठी वापरलेल्या प्रतिपिंडांवर किती विसंबावे याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे आणि तो रास्त आहे. तथापि फॉस्फेटच्या हुकुमाचा पुरावा इतर दिशांनीही आला. पेशीतील एकेटी नावाचे विकर टर्टवर फॉस्फेट बसविते, आणि २२७ व्या जागेवरील सेरीनला असा फॉस्फेट लागणे टर्टच्या केंद्रकप्रवेशाला साहाय्यक ठरते, हे इतर मानवी पेशींवरील प्रयोगांनी दाखविले आहे. सीडी-२८ कडून येणारा दुसरा संदेश ज्या मार्गाने आत उतरतो तोच मार्ग एकेटीला जागे करतो, त्यामुळे दुसऱ्या सहीचे महत्त्व येथे उघड होते. नैसर्गिक मारक पेशींच्या एका वंशात इंटरल्युकिन-२ दिल्यावर टर्ट, एकेटी, एमटॉर आणि उष्माघात-प्रथिन ९० ही सारी एकत्र गुंफलेली आढळली. एमटॉर म्हणजे अवयवारोपणानंतर देण्यात येणाऱ्या रॅपामायसिन या औषधाचे लक्ष्य, हे वैद्यकीच्या वाचकांना सांगावयास नकोच.

केंद्रकात पोहोचल्यावरही काम सुरू होण्यापूर्वी काही औपचारिकता उरतातच. डिस्केरिन हे प्रथिन आरएनएला स्थैर्य देते, टीकॅब-१ त्याला केंद्रकातील कॅहाल पिंडांत पोहोचविते, आणि गुणसूत्राच्या टोकावर पहारा देणाऱ्या सहा प्रथिनांच्या संघातील टीपीपी-१ विकराला टोकाशी उभे करते.

विश्रांतीच्या काळात टी-पेशींना जगण्यापुरता आधार इंटरल्युकिन-७ व इंटरल्युकिन-१५ ही द्रव्ये देतात. १५ क्रमांकाच्या द्रव्याने मानवी सीडी-८ वर्गातील (म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या) स्मृतिपेशींना काचपात्रात वाढविले असता टेलोमरेज जागे राहते व टेलोमिअरची घट फार अल्प होते, असे २००५ मध्ये दिसून आले.

परवाना रद्द कसा होतो, हेही तितकेच बोधप्रद आहे. लॉस एंजेलिस येथे रिटा एफ्रॉस यांनी टी-पेशींना एकाच प्रतिजनाने पुनःपुन्हा उद्दीपित करून पाहिले. पहिल्या खेपेला सीडी-८ पेशींनी टेलोमरेज जोमाने दाखविले. पुढल्या खेपांना ते उतरत गेले. चौथ्या खेपेच्या सुमारास ते दिसेनासेच झाले, आणि त्याच सुमारास पेशींच्या पृष्ठभागावरून सीडी-२८ नाहीसे झाले. म्हणजे ज्याच्या सहीने परवाना मिळावयाचा तोच अधिकारी जागेवर उरला नाही! सीडी-२८ हरवलेल्या अशा पेशी नवजात अर्भकाच्या रक्तात जवळजवळ नसतात. वृद्धांत सीडी-८ वर्गातील निम्म्याहून अधिकही तशा असू शकतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू, जो एकदा शरीरात शिरला की जन्मभर निघत नाही आणि सदैव किरकोळ तगादा लावून राहतो, तो या अवस्थेचा एक मोठा कारक मानला जातो. विषाणुसंसर्गात निघणारे इंटरफेरॉन-अल्फा टी-पेशींतील टेलोमरेज दडपते. मानसिक ताणात वाढणारे कॉर्टिसॉलही काचपात्रातील टी-पेशींत तेच करते.

अशा जीर्ण पेशींत विकराचे यंत्र मोडलेले असते की नुसता हुकूम अडलेला असतो, हा प्रश्न लंडनच्या आर्ने अकबर यांच्या गटाने धसास लावला. २००७ साली त्यांनी दाखविले, की सीडी-२८ व त्याच्यासारखाच सोबतचा ग्राहक सीडी-२७ हे दोन्ही गमावलेल्या सीडी-८ पेशींत एकेटीवरच फॉस्फेट नीट बसत नाही. पुढे त्यांना पी-३८ नावाचा एक अंतर्गत मार्ग या पेशींत सतत चालू सापडला, आणि तो औषधाने बंद करताच जीर्ण पेशींत टेलोमरेज काही अंशी परतले व त्या पुन्हा विभागू लागल्या. ही केवळ झीज नव्हे. हे काही अंशी जाणूनबुजून लादलेले नियंत्रण आहे, असाच याचा अर्थ लावावा लागतो. याच परंपरेत वाढलेले आलेस्सिओ लान्ना यांनी २०२२ मध्ये आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली: प्रतिजन दाखविणाऱ्या पेशी आपल्या टेलोमिअरचे तुकडे सूक्ष्म पुटिकांत भरून काही टी-पेशींना देतात, आणि त्या टेलोमरेजवाचून लांबी मिळवितात. या निष्कर्षाची इतर प्रयोगशाळांतून किती पुष्टी होते ते पाहणे इष्ट.

इतके लादलेले नियंत्रण कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या पेशीला अमर्याद विभागण्याची मुभा मिळाली ती कर्करोगाच्या वाटेवरचा एक मोठा अडसर ओलांडून गेली. २०१३ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात टर्टच्या नियंत्रक भागातच उत्परिवर्तने सापडली, ती नेमकी जनुक उघडा ठेवणारी. उलट बाजूचा दाखला डिस्केराटोसिस कन्जेनिटा या विरळ आनुवंशिक रोगाने दिला. नखे विरूप होतात, मानेवर त्वचेचा रंग जाळीदार बदलतो, तोंडात पांढरे चट्टे पडतात, आणि अखेर अस्थिमज्जा रक्त बनविणे सोडते. एका प्रकारात डिस्केरिनचा जनुक सदोष असतो. दुसऱ्यात, जो २००१ मध्ये ओळखला गेला, टेलोमरेजच्या आरएनएच्या दोन जनुक-प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. दुसरी प्रत शाबूत असूनही रोग होतो. निम्मे विकर मनुष्याला पुरत नाही, इतका हा हिशेब काटेकोर आहे.

उंदरांत तो तसा नाही. त्यांचे टेलोमिअर मुळात फार लांब असतात. १९९७ मध्ये टेलोमरेजचा आरएनए काढून टाकलेले उंदीर पहिल्या पिढीत धडधाकट निघाले. पिढ्यानुपिढ्या झीज साठल्यावरच त्यांच्यात दोष दिसू लागले, आणि मग त्यांच्या प्लीहेतील अंकुरकेंद्रेही उणावली. उंदरांवर आयुष्य वाढविणाऱ्या टेलोमरेज-उपचारांच्या वार्ता वाचताना एवढा फरक ध्यानात असू द्यावा.

हल्ली रक्त तपासून टेलोमिअरची लांबी व तीवरून 'जैविक वय' सांगणारे, आणि लगेच टेलोमरेज वाढविणारी वनस्पतिजन्य गोळी सुचविणारे व्यापारी पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या दाखल्यावर सरासरी म्हणून जो आकडा असतो, तो सर्व पांढऱ्या पेशी एकत्र घोटून काढलेला असतो. त्यांत निम्म्याहून अधिक बहुधा न्यूट्रोफिल असतात, ज्या स्वतः विभागतही नाहीत, आणि उरलेल्यांत नवख्या व अनुभवी लसीकापेशींचे प्रमाण माणसामाणसांत, एवढेच नव्हे तर त्याच माणसाच्या आजारपणानुसारही, बदलते. परवाना ज्या पेशीला, ज्या अवयवात, ज्या दिवशी लागतो तो अशा गोळीने नेमका तेथेच मिळेल असे मानण्यास आधार नाही, आणि नको तेथे मिळाला तर काय होते ते वर सांगितलेच आहे. वाचकांनी त्या दाखल्यावर पैसे खर्चू नयेत. मज्जेचा अकारण ऱ्हास, तरुणपणी फुप्फुसे कठीण होणे, किंवा कुटुंबात असे रुग्ण असणे, एवढ्या प्रसंगी मात्र रक्तरोगतज्ज्ञ लसीकापेशी वेगळ्या काढून त्यांचे टेलोमिअर मोजवितात, आणि ते त्या वयाच्या शंभरांपैकी नव्याण्णव माणसांहून आखूड निघाले तर निदानाला खरा आधार मिळतो.